आकडा बरोबर होता

माझ्या हातून निघालेला रिपोर्ट चुकत नाही, हे मी गेली बावीस वर्षं ऐकेल त्याला ऐकवत आलेय. घरच्यांना ते पाठ झालंय. लॅबमध्ये नव्याने लागणाऱ्या मुलींना तर मी पहिल्याच दिवशी, त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आत सांगते. महाडच्या बाजारपेठेत एक अरुंद जिना चढून आलं की आमची लॅब लागते. पूर्वी ती खाली रस्त्यालगत होती. एका पावसाळ्यात पुराचं पाणी मशिनांच्या पोटात शिरलं, तेव्हा मालकांनी ती वर आणली. खिडकीशी माझी खुर्ची, समोर पेशंटची. वरंधपासून तुडीलपर्यंतची माणसं त्या खुर्चीत बाही वर करून बसून गेलीत. दुसरीकडे चार वेळा टोचून घेऊन हात काळेनिळे करून आलेल्या म्हाताऱ्यांची नस मी एका टोचणीत धरते. हे सगळं मी स्वतःच सांगतेय, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसणं माझ्या स्वभावात नाही.

तर अशी मी. आणि मीच यंदाच्या लावणीच्या दिवसांत अशी काही घोडचूक करून ठेवली, की ती निस्तरायला मला भर पावसात शेताच्या बांधावर उभं राहावं लागलं. चूक सख्ख्या आईच्या बाबतीत झाली.

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं कापडे. घरची भातशेती, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, दादा मुंबईला आणि आई गावात. दादा लावणीला आणि कापणीला रजा काढून येतो, वहिनी मुलांना घेऊन येते, बाकीचं वर्ष आई एकटी राहते आणि कोणाचं काही चालू देत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी नेहमीच्या रक्ततपासण्या असतात, त्या अर्थातच माझ्याकडे झाल्या. हिपॅटायटिस बीच्या पट्टीवर एक रेघ उमटायला हवी होती. दोन उमटल्या. मी दुसरी पट्टी उघडली. मग तिसरी. आई समोर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काय गो, नापास झाले काय?"

नापासच म्हणायचं. पण तिला ना कधी डोळे पिवळे झाले होते, ना कधी अंथरूण धरावं लागलं होतं. आपल्याकडे कावीळ म्हटलं की लोकांना पिवळे डोळे, पथ्य आणि झाडपाल्याचं औषध एवढंच ठाऊक. ही कावीळ तसली नव्हे. हा विषाणू रक्तात शिरतो आणि काही जणांच्या अंगात कायमचा मुक्काम ठोकतो. कधी शिरला, कुठून शिरला, जन्माच्या वेळी की कुठल्या सुईतून, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पुण्याहून महिन्यातून एका रविवारी महाडला येणाऱ्या लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विषाणू आहे पण झोपलेला आहे, सध्या औषध नको. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, यकृताला सूज येतेय का बघायचं. जागा झालाच तर गोळ्या आहेत.

मी कामाला लागले. दादा, वहिनी, मुलं, मी, माझा नवरा, आमचा मुलगा, सगळ्यांचं रक्त काढलं. सगळे निगेटिव्ह. मग सगळ्यांना लस टोचून घ्यायला लावली. दादाने टाळाटाळ केली तेव्हा फोनवर त्याला असं झापलं की तिसऱ्या डोसला तो आपणहून गेला. त्या वर्षी मी स्वतःवर फार खूश होते, आजही आहे. आणि आईला मी शब्द दिला की हे घराबाहेर जाणार नाही.

राहता राहिलं आईला समजावणं. तिला चौथीपर्यंत शाळा, पण अर्धवट सांगितलेलं तिला चालत नाही. रिपोर्टवर दहा-बारा ओळी असतात, तिला त्यातलं सगळं हवं होतं. यकृताची मुख्य तपासणी एसजीपीटी, पण तो शब्द काही तिच्या तोंडात बसेना. मग मी सोपं केलं. चुलीपुढे बसलो होतो, समोर जाळ होता. म्हटलं, "आई, अंगात कुठे सूज आली, दाह झाला, की रक्तात एक पदार्थ वाढतो. त्याला सीआरपी म्हणतात. तो सहाच्या आत असला की तुझ्या लिव्हरला जाळ नाही. वर गेला की जाळ लागला." खरं तर त्या यादीत सीआरपी ही एक बाजूची तपासणी होती. पण मला ती आवडायची. मी शिकले तेव्हा ती काचेवर करायचो, रक्तावरच्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, औषधाचा एक थेंब, काच हळूहळू हलवायची, आणि दाह असला की दूध नासल्यासारखे कण दिसायचे. आता मशीन सरळ आकडा देतं. डोळ्याला दिसणारी गोष्ट सांगायला सोपी जाते, म्हणून मी ती सांगितली. आमच्या घरात मग सीआरपीचंच राज्य झालं. दर सहा महिन्यांनी आई विचारायची, "जाळ किती?" मी म्हणायचे, "दोन." ती म्हणायची, "मागल्या खेपेला तीन व्हता." एकही आकडा विसरायची नाही. आमच्या लॅबचे मालक एमडी आहेत, पण आपल्या पेशंटचे मागचे आकडे त्यांनाही कागद बघूनच सांगावे लागतात. मी तिचं हे कौतुक सगळीकडे करायचे, फक्त ती कोण ते सांगायचे नाही.

आता सावडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. आज सगळ्या बायका तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. ही सावड. राबातली, म्हणजे भाजून तयार केलेल्या वाफ्यातली रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या, चिखल केलेल्या खाचरात उतरायचं आणि ओळीने मागे सरकत लावत जायचं. पहिली ओळ एकीने धरायची असते, बाकीच्या तिच्या ओळीवर आपली ओळ लावतात. आमच्या वाडीत ती पहिली ओळ माझी आई धरते. लग्न होऊन आल्यावर काही वर्षांतच तिच्या सासूने तिला ती दिली, तेव्हापासून तिचीच. कोणी नेमलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. पण कुठल्याही घरची लावणी असो, आई आल्याशिवाय कोणी चिखलात पाय घालत नाही. पंचायतीत निवडून आलेल्या बाईला मिळणार नाही असा हा मान आहे, आणि आईला तो पक्का ठाऊक आहे.

यंदा तपासणीची तारीख नेमकी लावणीत आली. आई म्हणाली, "लावणी होऊ दे, मग येते." मी म्हटलं, तारीख म्हणजे तारीख. तिच्या माझ्या हट्टात एखाद वेळी मी जिंकते, ती त्यातली एक. ती सकाळच्या एसटीने आली. पायात वडिलांचे जुने तपकिरी मोजे आणि वर चप्पल.

"हे काय, फॅशन?" मी विचारलं.

"थंडी वाजतेय गो."

लॅबमधल्या मुली हसल्या, मीही हसले. दंडाला पट्टा बांधला, नस धरली, तीन बाटल्या भरल्या. तिचा हात गरम लागत होता. हे मला आज आठवतंय. त्या दिवशी माझ्यापुढे एकवीस पेशंट होते आणि आई परतीच्या गाडीची घाई करत होती. बावीस वर्षं मी मुलींना सांगतेय की आधी माणूस बघा, मग नस बघा. त्या दिवशी मी नस तेवढी बघितली.

दुपारी मशीनने सीआरपीचा आकडा दिला. अठ्ठेचाळीस.

मी पुन्हा लावला. सत्तेचाळीस. मशीन पारखायचा ठरलेला नमुना, म्हणजे कंट्रोल, तपासला, तो जागच्या जागी. दाहाचीच दुसरी तपासणी असलेल्या ईएसआरची नळी तासाभराने बघितली, तांबड्या पेशी भराभर खाली बसल्या होत्या, म्हणजे तोही वाढलेला. एसजीपीटी एकतीस. अगदी नॉर्मल. खरं म्हणजे तिथेच मी थांबायला हवं होतं. यकृताच्या पेशी दुखावल्या की पहिला वाढतो तो एसजीपीटी, हे मला काय कोणी नव्याने सांगायला हवं होतं? पण माझ्या डोक्यात चुलीपुढचा जाळ पक्का बसला होता. मीच तो लावला होता आणि मीच आता त्याला घाबरले. मनाची समजूत घातली की एसजीपीटी मागाहून वाढेल. डॉक्टर यायला नऊ दिवस होते. मी लावणीला गावी आलेल्या दादाला फोन केला आणि म्हणाले, "आईचा जाळ वाढलाय. अठ्ठेचाळीस."

दादा स्वभावाने वाईट नाही, भित्रा आहे. त्याने संध्याकाळपर्यंत आईला ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. "आई, रिस्क नाय घ्यायची. एकदम रेस्ट. लावणी बंद." तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, मुलांना तिच्या खोलीत झोपायला बंदी केली. लस घेतलेल्या मुलांना! मला कळलं तेव्हा मी फोनवरून त्याचे कान उपटले, पण मूळ ठिणगी माझीच होती, त्यामुळे माझ्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सावड आमच्या काकीच्या शेतात होती. आई का आली नाही म्हणून बायकांनी विचारलं. दादाला थाप मारणं जमत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. आईला हिपॅटायटिस बी कावीळ आहे, आठ-नऊ वर्षं आहे, आता लिव्हर पेटलंय, रक्तात जाळ अठ्ठेचाळीस आहे. आकड्यासकट सांगितलं. मी दिलेला शब्द त्याने एका वाक्यात मोडला, आणि त्याला सांगायला मीच शब्द पुरवले होते.

काकी म्हणजे आईची धाकटी जाऊ. शेजारचंच घर. दोघींनी मिळून तीस-पस्तीस लावण्या केल्यात. ती संध्याकाळी आमच्या अंगणात आली आणि ओटीवर चढली नाही. अंगणातूनच म्हणाली, "आक्का, तुमी आता घरीच बसा. चिखलात सगळींचेच पाय फाटल्यात. तुमचं रगत पाण्यात उतरलं तं आमच्या पायांतून आत नाय जाणार काय? आमाला पोरंबाळं हायत." आईने चहा विचारला. नको म्हणाली. हे आईने मला फोनवर सांगितलं, तेव्हा जाळाचं, आकड्याचं, ताटाचं काही बोलली नाही. तेवढंच दोनदा म्हणाली, "अंगणातनंच बोलली गो. वर नाय आली."

पहिली ओळ दुसऱ्या बाईने धरली. आई खुर्चीत बसून बघत होती.

नऊ दिवसांनी मी तिला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. पुन्हा तेच मोजे. मी तिची फाइल तारखेप्रमाणे लावून, सीआरपीचे सगळे आकडे लाल पेनाने घेरून नेली होती. डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी माझी लाल वर्तुळं वाचली, फाइल बाजूला ठेवली आणि आईलाच विचारलं.

"आजी, ताप येतो?"

"येतो, जातो."

"थंडी वाजते?"

"वाजते कधीकधी."

"पायात मोजे कशाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी काही लपवलं की मी तिच्याकडे जशी बघायचे, अगदी तशी. मग तिने स्वतःच वाकून मोजा काढला.

उजव्या पायाची शेवटची दोन बोटं सुजून एक झाली होती. मधली कातडी फाटलेली, आत पू. भोवती काळे डाग आणि फुटलेले फोड, आणि लाली पार घोट्याच्या वर चढलेली. बघताक्षणी मला कळलं. लावणीत बोटांच्या बेचक्या पाण्याने कुजून चिखल्या झाल्या होत्या, त्या सगळ्यांना होतात. त्यावर तिने बिब्बा दिवटीवर तापवून त्याचं तेल लावलं होतं. बिब्बा उतला, फोड आले, आणि त्या उघड्या पायाने ती पुन्हा चार दिवस चिखलात उभी राहिली. मग आत जंतू शिरले.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

"सांगितलं असतं तं लावणी बंद केली असतीस."

"मग आता काय चालू आहे?"

डॉक्टरांना हसू आलं, त्यांनी ते लपवलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "सीआरपी यकृतात तयार होतं हे खरं, पण ते फक्त यकृताबद्दल सांगत नाही. अंगात कुठेही दाह झाला की वाढतं. तुमच्या आईंचा एसजीपीटी नॉर्मल आहे, प्लेटलेट चांगल्या आहेत. या विषाणूने यकृत सुजतं तेव्हा बऱ्याचदा सीआरपी एवढं चढतच नाही. एवढा आकडा दिसला की मी आधी जंतू शोधतो. आग आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत, मॅडम. फक्त पत्ता चुकला."

ते चांगल्या मनाने बोलले. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. रिक्षात मी फाइल मांडीवर उलटी ठेवली. आईच बोलत होती. तिला पायाचं काही नव्हतं, तिला नवल वाटत होतं ते भलत्याच गोष्टीचं.

"मी मोजा घातला, कोणालाच दाखवलं नाय. हातातनं रगत काढलंस. तरी त्या मशिनला माझा पाय कसा कळला गो?"

"रक्त सगळीकडे फिरतं, आई."

"म्हंजे तुझा आकडा बरोबर व्हता."

"आकडा बरोबर होता. वाचणारी चुकली."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "पाय होईल बरा. पण पुढल्या सालाला मला सावडीला कोणी बोलवायचं नाय. माझ्या खाचरात पण कोणी यायचं नाय. ते औषध डॉक्टरकडे नाय."

प्रतिजैविकं सुरू झाली. आईला मी महाडला ठेवून घेतलं, रोज पट्टी मीच बदलली. विषाणूच्या मोजणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आला, तो पूर्वीसारखाच, अगदी कमी. बाराव्या दिवशी मी तिचं रक्त काढलं. या वेळी आधी कपाळाला हात लावला, जीभ बघितली, दोन्ही पाय बघितले, मग दंडाला पट्टा बांधला. मुलींना शेजारी उभं करून हे सगळं दाखवलं आणि माझी चूक काय झाली तेही सांगितलं. सीआरपी पाच आला. ईएसआर अजून थोडा वर होता, तो सावकाश उतरतो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की औषधाची गरज नाही, पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि पाय पूर्ण भरेपर्यंत चिखल बंद.

दादाला आकडा कळवला तेव्हा तो रडला. मग म्हणाला, "आता तू मध्ये पडू नकोस. पुढच्या वर्षापर्यंत लोक विसरतील." त्याला तसंच वाटतं, मुंबईत माणसं विसरतात. वाडीत कोणी काही विसरत नाही. ज्या बाईच्या हातून एकदा कोणी पाणी घेतलं नाही, तिच्या हातून पुढेही कोणी घेत नाही, आणि का घेत नाही ते नंतर कोणाला सांगताही येत नाही.

मी रजा टाकली आणि आईला घेऊन कापड्याला गेले. लावणी संपत आली होती. सगळ्या बायका काकीच्या शेवटच्या खाचरात होत्या, पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून, कंबरेत वाकून. आईच्या पायाला पट्टी आणि वर घट्ट बांधलेलं प्लास्टिक. तिला मी बांधावर रोपांच्या ढिगाशी बसवलं आणि छत्री घेऊन उभी राहिले. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत अठ्ठेचाळीसचा आणि पाचचा, असे दोन्ही रिपोर्ट होते, प्लास्टिकमध्ये घातलेले.

मी सुरुवात केली. दाह म्हणजे काय, सीआरपी म्हणजे काय, यकृत वेगळं, पाय वेगळा. माझ्या मते मी उत्तम बोलत होते. एकही बाई सरळ झाली नाही. पंधरा पाठी माझ्याकडे, हात चिखलात, रोपं पटापट खुपसली जात होती. कागद वर धरला तर पाठीमागे कोण बघणार? पावसाचा आवाज प्लास्टिकवर एवढा होता की मला माझंच बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. आई खाली मान घालून मुठी नीट करत होती. तिला माझी लाज वाटतेय की माझी दया येतेय ते कळेना, आणि दोन्ही मला सोसवेना.

मी कागद पिशवीत घातला. छत्री मिटली, कारण ती धरून ओरडता येत नव्हतं.

"मी चुकले," मी म्हणाले. "दादा नाही चुकला. मी त्याला चुकीचं सांगितलं. आकडा तिच्या पायाचा होता, मी तो लिव्हरचा समजले. बावीस वर्षं हे काम करतेय आणि आईचा पाय बघितला नाही. माझी चूक."

एक पाठ सरळ झाली. मग दुसरी. काकी कंबरेवर हात ठेवून वळली.

"म्हंजे कावीळ नायच काय?"

तिथे हो म्हणणं फार सोपं होतं. सगळं जागच्या जागी आलं असतं. पण एका चुकीवर खोट्याचं पांघरूण घालायला मी तिथे आले नव्हते.

"आहे. विषाणू आहे, तो राहणार. पण तो झोपलेला आहे. एका ताटात जेवून येत नाही, एका खाचरात उभं राहून येत नाही. दुसऱ्याला टोचलेल्या सुईने येतो, वस्तऱ्याने येतो, आईकडून बाळाला येतो. तिच्याबरोबर राहिलेल्या आम्हा सगळ्यांचं मी तपासलंय, कोणाला नाही. पाय भरेपर्यंत ती चिखलात उतरणार नाही, तुमच्यासाठी नाही, तिच्या पायासाठी. तुम्हाला भीती असेल तर तुमचं पण रक्त तपासते, मग लस घ्या. रविवारी इथेच येते. आणि चिखल्यांवर बिब्बा कोणी लावलाय ते आत्ता दाखवा."

एका तरुण सुनेने हळूच पाय चिखलात आणखी खाली रुतवला. ते मी बघितलं आणि तिची खरडपट्टी काढणार, तेवढ्यात आई बोलली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

"ऐकलंत काय गो?" तिचा आवाज खणखणीत होता, पार पलीकडच्या बांधापर्यंत जाईल असा. "माझी लेक चुकली म्हणते. एवढी शिकलेली, एवढ्या डॉक्टरांत बसणारी, चारचौघींत उभी राहून चुकली म्हणते. तुमच्या कोणाचं पोर म्हणालंय काय कधी?"

माझ्या इतक्या वर्षांच्या बरोबर रिपोर्टांवर ती कधी एवढं बोलली नव्हती. मी रडले. पाऊस होता, त्यामुळे कोणाला फार कळलं नसेल, आणि कळलं असेल तर कळू दे.

बायकांत हशा पिकला. काकी मात्र हसली नाही. ती चिखल तुडवत बांधाशी आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते. आईच्या मांडीवर रोपांची एक मूठ होती, नीट बांधलेली.

"किती वेळ धरून बसलात, आक्का," काकी म्हणाली. "द्या हिकडं."

आईने मूठ पुढे केली. काकीने ती तिच्या हातातून घेतली, बोटांना बोटं लागली, आणि ती वळून आपल्या जागी गेली. चार रोपं लावली असतील नसतील, आई बांधावरून ओरडली, "अगो, वाकडी चाललीस! डावीकडं घे!"

काकीने मान वर केली नाही. तिने ती चारही रोपं उपटली आणि पुन्हा सरळ लावली.